रांग खरंच संपली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

'रांग संपली' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण इतक्या मनापासून लिहिलेल्या मजकुराला घाईघाईत उत्तर देणं बरं वाटेना.

तुम्ही बत्तीस वर्षं सरकारी कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलात. माहिती तंत्रज्ञानानं सार्वजनिक सेवा सोप्या केल्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की रांग संपलेली नाही, ती लोकांच्या घरात शिरली आहे. कारकून करायचा ते काम आता नागरिक स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःचा वेळ घालून करतो. खिडकीतल्या माणसाला निदान हात जोडता यायचे, पडद्यापुढे काय करायचं? संगणकच चुकला तर दाद कुणाकडे मागायची? तेव्हा महत्त्वाची कामं परत कागदावर आणा, असं तुमचं सांगणं. आणि माझा लेख तुम्हाला कंपनीच्या जाहिरातीसारखा वाटला.

हे शेवटचं वाक्य मला लागलं. पण लेख पुन्हा वाचला तेव्हा ते का लिहिलंत तेही कळलं. किती मिनिटांत अर्ज भरता येतो हे मी चार ठिकाणी लिहिलं होतं. अर्ज अडकला तर काय होतं, याबद्दल एक ओळ नव्हती.

मी अशा प्रणालींच्या चाचणीचं काम करतो. लोकांना शेजारी बसवून अर्ज भरायला सांगायचं आणि ते कुठे अडखळतात ते टिपायचं, हा त्यातला एक भाग. एकदा एक निवृत्त गृहस्थ पेन्शनचा अर्ज भरत होते. जन्मतारखेच्या चौकटीत त्यांनी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले. लाल अक्षरांत ओळ उमटली, 'अवैध नोंद'. त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला आणि मला विचारलं, "अवैध म्हणजे मी काही बेकायदा केलं का?" त्यानंतर कितीही समजावलं तरी ते पुढचं बटण दाबायला घाबरत होते. आम्ही ती ओळ बदलून 'वर्ष चार आकड्यांत लिहा' अशी केली. पण त्या दिवसापर्यंत 'अवैध' हा शब्द आमच्यापैकी कुणालाच खटकला नव्हता. तुमच्या खिडकीवर हेच घडलं असतं तर तुम्ही "आजोबा, वर्ष पूर्ण लिहा" म्हणाला असता आणि अर्ज पुढे गेला असता. त्यामुळे 'संपली' हा शब्द मी मागे घेतो. कागदी फॉर्मच पडद्यावर चिकटवायचा, तेच रकाने, तेच पुरावे, वर स्कॅन करा, फाइल लहान करा, ओटीपी टाका. याला सुधारणा म्हणणं चूक आहे. त्यात कार्यालयाचं ओझं नागरिकाच्या खांद्यावर येतं, एवढंच.

मात्र हात जोडण्याबद्दल तुमच्याशी माझं जमत नाही. तुमच्यासारखी माणसं खिडकीत होती तिथे लोकांचं भलं झालं. पण हक्काच्या कामासाठी हात जोडायची वेळच का यावी? ओळख असलेल्याची फाइल वर यायची आणि रोजंदारी बुडवून आलेली बाई चौथा हेलपाटा घालायची, हेही त्याच खिडकीवर घडत होतं. हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

हे ओझं उलट दिशेनंही सरकवता येतं. एस्टोनिया हा जेमतेम तेरा लाख वस्तीचा देश. तिथे 2001 साली 'एक्स-रोड' नावाची व्यवस्था सुरू झाली. सगळ्यांची माहिती एका कोठारात कोंबण्याऐवजी प्रत्येक खात्यानं आपली नोंदवही आपल्याकडेच ठेवायची आणि दुसऱ्या खात्याला गरज पडली की सुरक्षित मार्गानं तेवढीच नोंद द्यायची, अशी तिची रचना. सोबत कायदाही केला, की एका खात्याकडे असलेली माहिती गोळा करायला दुसऱ्यानं वेगळी नोंदवही उघडायची नाही. म्हणजे एका खात्याचा दाखला घेऊन दुसऱ्या खात्यात जाण्याचं काम माणसाकडून निघून यंत्राकडे गेलं. 2019 पासून तिथे मूल जन्मलं की आईवडिलांनी भत्त्यासाठी अर्ज करायची वाट पाहिली जात नाही. जन्माची नोंद झाली की सरकारच त्यांना कळवतं, तुम्हाला हे हे मिळू शकतं, होकार द्या. आणि आपली माहिती कुणी उघडून पाहिली, हे नागरिक स्वतः तपासू शकतो. कारकुनानं आपली फाइल कधी उघडली हे कागदाच्या काळात कुणाला कळत होतं?

संगणक तर सगळ्याच देशांनी घेतले. एस्टोनियानं त्याआधी ठरवलं की कागद कुणी वाहायचा.

आता तुमचा सगळ्यात गंभीर प्रश्न. संगणक चुकला तर?

ब्रिटनच्या टपाल खात्यानं 1999 पासून शाखांच्या हिशेबासाठी 'होरायझन' ही प्रणाली आणली. तिच्यातल्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. शाखा चालवणाऱ्यांच्या करारात तूट भरून देण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला तर कित्येकांना सांगितलं गेलं, अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात. नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष असल्याचं उच्च न्यायालयानं 2019 मध्ये मान्य केलं आणि सरसकट शिक्षा रद्द करायला 2024 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

यात एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. संगणकाचा कागद पुरावा म्हणून द्यायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागेल, अशी तरतूद इंग्लंडच्या कायद्यात होती. ती 1999 च्या कायद्यानं काढून टाकली. त्यानंतर यंत्र बरोबर आहे असंच गृहीत धरायचं, आणि ते चुकलंय हे आरोपीनं दाखवायचं. छोट्या शाखेत बसलेल्या माणसानं ते दाखवायचं कसं? प्रणालीच्या आतल्या नोंदी त्याच्या हातात नव्हत्याच.

ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावानं कुप्रसिद्ध झालेली योजना तर साध्या भागाकारावर उभी होती. तिथे बेकारी भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. समजा, एखादी बाई वर्षाचे पहिले 13 पंधरवडे बेकार होती. तिनं कमाई शून्य असं खरं सांगून भत्ता घेतला. पुढचे 13 पंधरवडे नोकरी लागली आणि 26 हजार डॉलर मिळाले. संगणक करखात्याकडून वर्षाचा आकडा घ्यायचा, त्याला 26 नं भागायचा आणि प्रत्येक पंधरवड्यात हजार डॉलर मांडायचा. झालं, बेकारीच्या दिवसांतही तिची कमाई दिसू लागली, आणि घेतलेला भत्ता परत करा अशी नोटीस निघाली. बेकार होतो याचा पुरावा तिनंच शोधायचा, तोही काही वर्षांपूर्वीचा. आधी अशी तफावत दिसली की कर्मचारी तपास करायचा, गरज पडली तर मालकाकडे विचारणा करायचा. तेच पाऊल गाळलं गेलं. 2020 मध्ये सरकारला सुमारे 4 लाख 70 हजार मागण्यांचे 72 कोटींहून जास्त डॉलर परत करण्याची घोषणा करावी लागली. 2023 च्या चौकशी अहवालानं ही योजना क्रूर आणि बेकायदेशीर असल्याचं म्हटलं.

ताई, गाळलेलं ते पाऊल म्हणजे तुमची खिडकी होती. तिथे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण इलाज म्हणून सगळं परत कागदावर आणणं मला पटत नाही. कागदावरही बेरीज चुकते. चूक दिसली की सिद्ध कुणी करायचं आणि तोवर माणसाचा भत्ता चालू राहणार की थांबणार, हे आधीच ठरवून ठेवायला हवं. युरोपीय संघाच्या माहिती संरक्षण कायद्यात, 2018 पासून, याची एक सुरुवात आहे. माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय निव्वळ यंत्रानं घ्यायचा नाही हे तिथलं तत्त्व. त्याला अपवाद आहेत, पण बहुतेक अपवादांतही माणसाकडून फेरतपासणी मागता येते. ज्यांना मोबाइल जमत नाही त्यांचंही तसंच. डेन्मार्कनं 2014 मध्ये सरकारी टपाल ऑनलाइन घेणं सक्तीचं केलं, पण ज्यांना शक्य नाही त्यांना सूट मागायची सोयही ठेवली.

तुम्ही जाता जाता लिहिलंत की फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात न बसणाऱ्या प्रकरणांची एक वही तुम्ही ठेवायचात. ती अजून जवळ असेल तर, कुणाचं नाव न घेता, त्यातली काही प्रकरणं इथे लिहाल का? कोणता माणूस कुठे अडला आणि तुम्ही वाट कशी काढलीत, एवढंच. लेखाचं शीर्षक मी आज बदललंय. पुढच्या चाचणीसाठी जी उदाहरणं आम्ही तयार करतो, त्यात मला तुमच्या वहीतली माणसं हवी आहेत.