कायदा आहे म्हणून पगार समान झाले?

भोसरी-चाकणच्या एचआरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'कारखान्यांच्या ऑफिसांत स्त्री-पुरुषांना 1976 पासून समानच पगार आहे. उरलेला फरक बायकांच्या निवडीचा, आणि तोही आपोआप मिटतोय.' यातलं एकही विधान टिकत नाही.

समान वेतन कायदा 1976 चा, हे बरोबर. पण त्यानंतरही मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा त्याविरुद्ध लढल्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1987 मध्ये त्यांच्या बाजूने लागला. कंपनी म्हणत होती, या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', यांचं काम वेगळं. युनियनशी तसा करार झालाय. शिवाय आमची ऐपत नाही. न्यायालयाने यातलं काहीच मानलं नाही. पण हुद्दा वेगळा देऊन पगार कमी ठेवायची रीत गेलेली नाही. परचेसमध्ये तेच काम करणारी ती 'असिस्टंट' आणि तो 'एक्झिक्युटिव्ह', हे आपण सगळेच पाहतो.

आपोआप मिटण्याबद्दल: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या भारतविषयक अहवालानुसार, सगळी क्षेत्रं धरून, स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत 1993-94 मध्ये 48 टक्के होती, 2011-12 मध्ये 34 टक्के. म्हणजे अठरा वर्षांत चौदा टक्क्यांची घट. याला मिटणं म्हणत नाहीत.

मुख्य गोष्ट पहिल्या पगाराची. तो 25,000 वर लागला, ती 22,000 वर. दोघांनाही दरवर्षी 8 टक्के इन्क्रिमेंट, कुठेही भेदभाव नाही. दहा वर्षांनी तो 54,000 च्या आसपास, ती 47,500 वर. तीन हजारांचा फरक साडेसहा हजारांवर जातो. नोकरी बदलली तरी इंटरव्ह्यूत 'मागची सॅलरी स्लिप दाखवा' म्हणतात, म्हणजे जुनी तफावत नव्या कंपनीतही तिच्यासोबत जाते. यात तिने निवडलं काय?

मूल झाल्यावरचं तर विचारूच नका. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलंय, की आजची तफावत मुख्यतः एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांत आहे आणि पहिल्या मुलानंतर ती रुंदावते. आपल्याकडे पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर 2017 पासून बंधनकारक आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी आपल्या कंपनीत ते कुठे आहे ते आधी सांगावं. आणि अप्रेझलपूर्वी एकाच विभागातल्या, सारख्याच अनुभवाच्या दोघांचे पगार शेजारी-शेजारी मांडून बघावेत.