मुलगे सगळीकडे शून्य लिहितात

"मुली हळव्या, म्हणून त्यांना डिप्रेशन जास्त" हे स्टाफरूममध्ये परत एकदा ऐकलं आणि डोकंच फिरलं, म्हणून लिहितेय.

आकडा खोटा नाही. डिप्रेशन जगभरात बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दीडपट, डब्ल्यूएचओच सांगते. पण हळव्या म्हणजे काय हो? आमच्याकडे गोव्यात डिचोली-सत्तरीच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या मुलींचा दिवस बघा. चतुर्थीच्या तोंडावर आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा, घरी नेवऱ्या करायला बसायचं, आजीचं औषधपाणी तिच्याकडेच, आणि भाऊ गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधून झाली की बाईक काढून पसार. लायब्ररीत बसावं तर शेवटची कदंबा बस चुकते, आणि चुकली तर घरी पहिला प्रश्न, कोणाबरोबर होतीस. एवढ्यावर झोप उडाली तर तो हळवेपणा?

आता मुलगे. डिप्रेशनच्या स्क्रीनिंगला बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ नावाचा फॉर्म देतात, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का, प्रत्येकाला 0 ते 3 मार्क. मुलगे शेजारच्याच्या कागदात डोकावत, खिदळत, वरपासून खालपर्यंत शून्य लिहून मोकळे! बरं, राग किती येतो, दारू किती होते, हे त्या नऊ प्रश्नांत नाहीच. आणि पुरुषांचं डिप्रेशन बऱ्याचदा तिथूनच बाहेर पडतं, चिडचिड, मारामारी, पिणं. आपल्या गोव्यात तर कोपऱ्याकोपऱ्यावर बार, पोरगा रोज बसायला लागला तरी "वयच आहे" म्हणून सोडून देतात, लेक्चर बुडवले तर उनाड. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, 2022 च्या आकड्यांत देशातल्या आत्महत्यांपैकी दहात सातहून जास्त पुरुष आहेत. ते फॉर्मवर कधी दिसले होते का कोणाला?

मदत नाही असं नाही. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 फुकट आणि चोवीस तास चालू. पण "ह्याला बांबोळीला न्या" ही आपल्याकडे अजून थट्टाच आहे ना, मग कोण जाणार! जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे काउन्सेलर हवाच. नेमतील हो, पण त्याला बसवतील ऑफिसला लागून, फी भरायच्या रांगेसमोर, म्हणजे आत कोण गेलं ते संध्याकाळपर्यंत गावभर. आधी ती खोली हलवा, आणि मुलग्यांना झोपेबरोबर रागाचंही विचारा. तुमच्या कॉलेजात काउन्सेलर कुठे बसतो, कमेंटमध्ये सांगा.