पोलंडमध्ये युद्ध पेटले नाही, म्हणून करार खोटा ठरतो काय?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत सैन्यातून निवृत्त झालेले आमचे एक ज्येष्ठ स्नेहीही असल्यामुळे त्याला आपोआप वजन आले आहे. संदेशाचा आशय असा : सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाचे ड्रोन पोलंडमध्ये घुसले तरी नाटोच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील देशांच्या लष्करी युतीच्या, एकाही देशाने युद्ध पुकारले नाही, म्हणजे ‘एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला’ हे वचन खोटे आहे, १९४९ चा हा नाटोचा करार रणगाड्यांसाठी लिहिलेला असून ड्रोन, सायबर हल्ले आणि समुद्राखालच्या केबल यांच्यापुढे तो रद्दी आहे, खर्च अमेरिका करते आणि बाकीचे फुकट खातात, भारत असल्या करारांच्या वाऱ्यालाही कधी उभा राहिला नाही, ते बरेच झाले. कट्ट्यावर चहा पिताना याचा निकाल लागत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

पहिला मुद्दा वचनाचा. या वचनासाठी कराराच्या ज्या पाचव्या कलमाचा हवाला दिला जातो, त्यात ‘सर्वांनी युद्ध पुकारावे’ असे कोठेही लिहिलेले नाही. एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरील हल्ला मानला जाईल आणि प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कारवाई, सशस्त्र बळाच्या वापरासह, करून मदत करेल, एवढेच ते कलम म्हणते. शब्द मुद्दामच सैल ठेवले होते, कारण युद्ध पुकारण्याचा अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, अधिकार एखाद्या कराराने परस्पर काढून घ्यावा, हे अमेरिकेच्या सिनेटला तेव्हा मान्य होण्यासारखे नव्हते. या कलमाच्या आधी चौथे कलम आहे. कोणत्याही सदस्याला आपली सुरक्षितता धोक्यात आहे असे वाटले, तर सर्वांनी एकत्र बसून विचारविनिमय करावा, असे त्यात म्हटले आहे. पोलंडने वापरले ते हे कलम.

कोल्हापूरकराला हा फरक समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी एकोणचाळिसाकडे सरकू लागले की चिखली-आंबेवाडीत जनावरे हलवण्याची धावपळ सुरू होते, आणि पुढे पाणी त्रेचाळिसावर न जाता ओसरले, तर पातळ्यांची ही पद्धतच खोटी होती असे कोणी म्हणत नाही.

त्या रात्री, म्हणजे ९ आणि १० सप्टेंबरच्या दरम्यान, काय घडले तेही पाहावे. पोलंडच्या पंतप्रधानांनी संसदेत १९ घुसखोरींची नोंद सांगितली. पोलंडच्या एफ-१६ विमानांबरोबर नेदरलँड्सची एफ-३५ विमाने आकाशात होती, टेहळणीचे विमान इटलीचे होते, जमिनीवरच्या पेट्रियट हवाई संरक्षण यंत्रणा जर्मनीच्या होत्या, आणि काही ड्रोन पाडले गेले. सदस्य देशाच्या हवाई हद्दीत नाटोच्या विमानांनी शस्त्र चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. दोन दिवसांनी, १२ सप्टेंबरला, पूर्व सीमेसाठी नवी संयुक्त मोहीम जाहीर झाली. ‘कोणी काही केले नाही’ हे विधान करण्याआधी एवढे तरी वाचायला हवे होते.

दुसरा मुद्दा रणगाड्यांचा, आणि संदेशातला सर्वांत भक्कम वाटणारा मुद्दा हाच आहे. पण पाचवे कलम आजवर एकदाच लागू झाले आहे, ते ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. तो हल्ला कोणत्याही देशाच्या सैन्याने केलेला नव्हता आणि त्यात वापरलेली विमाने प्रवाशांची होती. करारात शस्त्राचे नावच नसल्यामुळे अर्थ लावायला जागा राहिली, आणि पुढचे बदल त्याच जागेतून झाले. २००७ मध्ये एस्टोनियातील बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळे सायबर हल्ल्यांनी ठप्प झाली, तेव्हा याला ‘हल्ला’ म्हणायचे की नाही, याचे उत्तर युतीपाशी तयार नव्हते. २००८ मध्ये एस्टोनियाची राजधानी टॅलिन येथे सायबर संरक्षणाचे केंद्र स्थापन झाले; सायबर हल्ल्यावरूनही पाचवे कलम लागू होऊ शकते हे मान्य व्हायला मात्र २०१४ उजाडले, आणि सायबर अवकाश हे जमीन, समुद्र व आकाशाप्रमाणेच कारवाईचे क्षेत्र मानायला २०१६. सात आणि नऊ वर्षे हा वेग कौतुकाचा नाही, पण ‘बदललेच नाही’ आणि ‘उशिरा बदलले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

केबलचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी वीजवाहिनी समुद्राखाली तुटली, आणि संशय ‘ईगल एस’ या तेलवाहू जहाजाच्या नांगरावर गेला. समुद्रतळावर तो ओढल्याची खूण कित्येक किलोमीटर लांब होती. फिनलंडच्या पथकांनी जहाज ताब्यात घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये बाल्टिक समुद्रात नाटोची गस्त सुरू झाली. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या कारणावरून खटला काढून टाकला. गस्त वाढवणे युतीच्या हातात होते; आंतरराष्ट्रीय समुद्रातल्या जहाजावर गुन्हा कोणी चालवायचा, हे तिच्या हातात नव्हते. संदेश लिहिणाऱ्याने हे उदाहरण घेतले असते, तर त्याचा युक्तिवाद अधिक टोकदार झाला असता.

ड्रोनबद्दलही संदेश लिहिणाऱ्याचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. पोलंडमध्ये सापडलेल्यांपैकी काही ड्रोन फोम आणि प्लायवूडचे होते, आणि त्यांच्यामागे जगातील सर्वांत महागड्या लढाऊ विमानांपैकी काही धावत होती. आपल्या उद्यमनगरातल्या कोणाही कारखानदाराला विचारावे, हा हिशेब फार दिवस चालणार नाही, असेच तो सांगेल. युतीलाही ते कळलेले दिसते, कारण युक्रेनच्या युद्धाचे धडे गोळा करण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्येच पोलंडच्या बिडगॉश्च शहरात एक संयुक्त केंद्र उघडले गेले, आणि सदस्य नसलेल्या देशाकडून शिकण्याची ही तयारी करार रद्दी झाल्याचे लक्षण म्हणता येत नाही.

खर्चाबाबत थोडक्यात सांगता येते. अमेरिकेचा वाटा प्रचंड आहे हे खरेच, आणि २०१४ मध्ये संरक्षणखर्चात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांची पातळी गाठणारे सदस्य अवघे तीन होते. पण नाटोच्या २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत पाच टक्क्यांचे लक्ष्य ठरले (त्यातले दीड टक्के पूल, रस्ते, सायबर सुरक्षा अशा कामांसाठी), स्पेनने कुरकूर केली तरीही. आणि ते एकमेव पाचवे कलम वापरले गेले, ते अमेरिकेच्याच रक्षणासाठी : २००१ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या मे महिन्यापर्यंत नाटोची टेहळणी विमाने १३ देशांच्या कर्मचाऱ्यांसह अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती.

राहिला भारत. भारत कोणत्याही लष्करी युतीत नाही (भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा क्वाड हा गट लष्करी युती नव्हे), येथवर संदेश बरोबर आहे. पण ‘वाऱ्यालाही उभा राहिला नाही’ हे म्हणताना ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार विसरला गेला आहे. त्याच्या नवव्या कलमात दोघांपैकी एकावर हल्ला झाल्यास किंवा हल्ल्याचा धोका निर्माण झाल्यास तातडीने परस्पर सल्लामसलत करून परिणामकारक उपाय योजण्याचे वचन होते. युद्धात उतरण्याची सक्ती त्यातही नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेची ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हा सोव्हिएत नौदलाच्या नौका तिच्या मागावर होत्या.