ठिपके जोडले म्हणजे अक्षर आलं का?

शाळा सुरू होऊन जेमतेम महिना झालाय आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर बालवाडीतल्या पोरांच्या गिरवलेल्या पानांचे फोटो यायला लागलेत. पानभर ठिपक्यांचे म, कोपऱ्यात बाईंनी काढलेला स्टार. राग येईल काहींना, पण या पानांनी आईबापांचं समाधान होतं, मुलाच्या पदरात फारसं काही पडत नाही.

माझा भाचा चार वर्षांचा आहे. तो म कसा गिरवतो ते शेजारी बसून पाहिलं. आधी उजवीकडची उभी रेघ, तीही खालून वर. मग शिरोरेघ. मग उरलेले ठिपके, दिसतील तिथून. "आत्या, झाला बघ!" म देखणाच होता. पान उलटून कोऱ्या बाजूला काढ म्हटलं, तर पेन्सिल कुठे टेकवायची इथपासूनच गाडी अडली. हात कुठून निघाला, कुठे वळला हे पानावर दिसत नाही, त्यामुळे स्टार देणाऱ्या बाईंनाही ते कळत नाही. एका वर्गात पस्तीस-चाळीस मुलं असली तर त्या तरी काय करणार म्हणा.

आणि आपली लिपी चुकीला फार जागा देते. भ वरची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. ती सलग ओढली की भ चा म वाटायला लागतो. ध आणि घ चंही तेच. हे कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं, ठिपके सांगत नाहीत.

पूर्वी धूळपाटीवर बोटानंच अक्षरं काढायचे. बालशिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंच्या खरकागदी, म्हणजे पॉलिशपेपर कापून केलेल्या, अक्षरांतही तेच: दोन बोटं अक्षरावरून फिरवायची, तोंडानं उच्चार करायचा. आपल्याकडे बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावात काम सुरू केलं तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच साधनं उभी केली. आपल्याला तर ताटात मूठभर रवा पसरला तरी पुरतं. चुकलं की ताट हलवायचं, खोडरबराची कटकट नाही.

सुरुवात ग म भ न पासून करा. चारही अक्षरांत शेवटी उभी रेघ येते, हात एकदा बसला की पुढचं सोपं जातं. शिवाय काना-मात्रेशिवाय लगेच शब्द होतात: मन, मग, नभ, गगन, नमन. क ख ग घ ङ च्या ओळीत बिचारं पोर ङ पाशीच थबकतं, आणि त्या ङ चं त्याला पुढची कितीतरी वर्षं काही काम पडत नाही.

"पण शाळेत मागे पडला तर?" हा प्रश्न ठरलेला. अहो, पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. तीन-चार वर्षांच्या बोटांना आधी माती मळू द्या, मणी ओवू द्या, कागद फाडू द्या.

आता एक काम. नेटवरच्या बहुतेक पानांवर ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श असलेली खरकागदी अक्षरं कुठे मिळत असतील तर सांगा. नाहीतर रविवारी पुठ्ठा आणि पॉलिशपेपर घेऊन मीच बसते.