लीड्सची पाटी

गेल्या रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, चला, आज तुम्हाला आगगाडीत बसवून आणतो." तो इंग्लंडात लीड्सला राहतो. तिथल्या हन्स्लेट भागात मिडलटन रेल्वे आहे. रूळ जेमतेम मैलभर, पण घराणं मोठं: १७५८ साली पार्लमेंटने खास कायदा करून मंजूर केलेली, १८१२ पासून वाफेच्या इंजिनाने कोळसा ओढलेली आणि १९६० पासून हौशी मंडळींनी विनामोबदला चालवलेली. बसलो, पार्क हॉल्टपर्यंत गेलो, परत आलो. छान वाटलं. पण खरं सांगू का, जीव अडकला तो मूर रोड स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर.

ट्रॅक्टर म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नव्हे. वाफेचा! पुढे धुराडं, मधे आडवा बॉयलर, मागे माझ्या छातीला लागतील एवढी लोखंडी चाकं. गाडी जागच्या जागी उभी, तरी बाजूचं जड चाक, फ्लायव्हील, आपलं संथ फिरतंय, आवाज जवळजवळ नाहीच. गरम तेल आणि ओल्या कोळशाचा तो वास. बॉयलरवर कारखान्याची पितळी पाटी: फाउलर, लीड्स.

पाटी वाचली आणि मी एकदम चौथीत गेलो. आमच्या गावाला डांबरी रस्ता झाला तेव्हा खडी दाबायला आलेल्या वाफेच्या रोलरवर हीच दोन नावं होती. आम्ही पोरं शाळा बुडवून त्याच्यामागे चालायचो. चालायचोच, पळायची गरज नव्हती. नंतर कित्येक वर्षं तो रोलर तालुक्याच्या एका सरकारी आवारात पडून होता, चाकातून बाभूळ उगवलेली. एकदा गेलो तर बाभूळ होती, रोलर नव्हता. वजनावर भंगारात गेला, असं वॉचमन म्हणाला.

ट्रॅक्टरवाला सत्तरीतला, हातात कॉटन वेस्टचा बोळा. मी रोलरचं बोललो आणि गडी खुलला. वर बोलावून बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी काच दाखवली. म्हणाला, आग दुय्यम, नजर इथे ठेवायची. पाणी फार खाली गेलं तर भट्टीच्या माथ्यावरचं शिशाचं बूच वितळतं आणि वाफ खाली सुटून आग दाबते. मग सुकाणूचं चाक फिरवून दाखवलं: गरागरा पाच-सहा फेरे, तेव्हा कुठे साखळी ताणली आणि पुढची चाकं जराशी हलली. वळण दिसायच्या आधीच वळायला घ्यावं लागतं. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने अशा गाड्यांना गावात ताशी दोन मैलांचीच मुभा होती, तीही पुढे लाल निशाण घेऊन माणूस चालत असेल तर. आमची वरात याहून जोरात जाते.

सगळं गोड आहे असं नाही. २०२३ च्या शेवटी वेल्समधली मर्थर टिडफिलजवळची कोळशाची मोठी खाण बंद झाली. कोळशाच्या देशात आता हौशी लोक बाहेरून आलेला कोळसा जाळतात. धुराचंही कौतुक कशाला करायचं? तरी ही यंत्रं चालती ठेवणं मला पटतं. आपण इंजिन चबुतऱ्यावर चढवतो, चकचकीत रंग फासतो, भोवती जाळी ठोकतो आणि जतन केलं म्हणतो. रंगाखाली बॉयलर सडतो आणि तो पेटवता येणारा शेवटचा माणूसही निवृत्त होतो. आपल्याला जमत नाही असंही नाही. आपलं १८५५ चं वाफेचं रेल्वे इंजिन फेअरी क्वीन, तेही लीड्सचंच, १९९७ मध्ये पुन्हा रुळावर धावलं. पण रस्त्यावरच्या आणि शेतातल्या यंत्रांना कुणी वालीच नाही. ती गावकुसाबाहेरची.

निघताना त्याने विचारलं, "तुमच्या रोलरचा नंबर काय होता?" प्रत्येक पाटीवर कारखान्याचा नंबर असतो म्हणे, त्यावरून कुळकथा लागते. मला काय ठाऊक! आम्ही फक्त 'लीड्स' वाचून त्याचा उच्चार काय यावर भांडायचो.

आमच्या शेजारच्या तालुक्यात असाच एक रोलर अजून उभा आहे असं ऐकतो. दिवाळीत गावी आलो की शोधणार आहे. तुमच्याकडे कुठे असला तर कमेंटमध्ये पाटीचा फोटो टाका. नंबर वाचता येईल असा. आधी फडकं मारा.