‘द ट्वेंटिएथ सेंचुरी’ आणि मॅकेन्झी किंगची बदनामी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मी ‘द ट्वेंटिएथ सेंचुरी’ या कॅनेडियन चित्रपटाबद्दल भरभरून लिहिलं, तुम्ही तितकंच परखड उत्तर दिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : २१ वर्षांहून अधिक काळ कॅनडाचे पंतप्रधान राहिलेल्या मॅकेन्झी किंगचं तरुणपण इतकं विकृत रंगवणं ही मेलेल्या माणसाची बदनामी आहे, आणि मुलं यालाच इतिहास समजतील.

मुलांचं आधी घेतो. गोष्ट १८९९ सालची. तेव्हा पंतप्रधान होते विल्फ्रिड लॉरिए. चित्रपटात मात्र त्या पदासाठी स्पर्धा लागते : फीत कापा, सीलच्या पिल्लांना सोट्याने हाणा, निमूट रांगेत उभे राहा. मागे रंगवलेली त्रिकोणी दृश्यं. किंगच्या अंथरुणातल्या आईच्या भूमिकेत लुई नेगिन हा म्हातारा पुरुष नट. हे खरं मानायला कोण धजेल? मला धास्ती वाटते ती गुळगुळीत चरित्रपटांची. तिथे चष्म्याची काडीसुद्धा त्या काळातली असते आणि तिच्या भरवशावर नायकाच्या चुका अलगद गाळलेल्या असतात.

आता बदनामी. दिग्दर्शक मॅथ्यू रँकिनने आधार घेतलाय तो किंगच्याच डायरीचा. १८९३ पासून १९५० साली मरेपर्यंत तो ती लिहीत होता. आईवरची भक्ती, वासनेची शरम, आपण थोर कार्यासाठी जन्मलोय ही खात्री, सगळं त्याच्या हातचं आहे. चित्रपटाने ते फुगवलंय, आणि बुटांच्या वासाने त्याची वासना चाळवण्याचं प्रकरण मलाही नको इतकं ताणलेलं वाटलं. शिवाय ‘मी खूण केलेला भाग सोडून बाकी डायरी नष्ट करा’, असं त्याने मृत्युपत्रात लिहिलं होतं. ते पाळलं गेलं नाही. या एका ठिकाणी तुमची चीड मला पटते.

पण किंगवर अन्याय झाला म्हणाल, तर माझी तक्रार नेमकी उलटी आहे. १९०८ साली हाच माणूस कामगार खात्याचा वरिष्ठ अधिकारी म्हणून लंडनला गेला, हिंदुस्थानातून येणारी माणसं कशी थोपवायची याची बोलणी करायला. कॅनडा गोऱ्यांचा देश राहावा ही इच्छा त्याने अहवालात रास्त ठरवली. त्याच वर्षी नियम आला : मायदेशातून थेट, कुठेही न थांबता येणाऱ्यालाच उतरू द्यायचं. हिंदुस्थानातून निघणाऱ्याला असा प्रवास जवळजवळ अशक्य होता. १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ ही आगबोट ३७६ हिंदुस्थानी प्रवासी घेऊन कॅनडातल्या व्हँकूवरला पोचली. दोन महिने ती बंदरात अडवून ठेवली आणि मोजके लोक सोडून बाकीच्यांना परत पाठवलं, त्यात हा नियमही पुढे केला गेला.

यातलं काहीच पडद्यावर नाही, कारण गोष्ट १८९९ लाच अडते. तिथला किंग भित्रा, केविलवाणा आहे. शेवटी मला त्याची दया आली. तो अहवाल लिहिताना ज्याचा हात जराही थरथरला नाही, तो किंग मला बघायचा होता.