पावरबँक कुठे ठेवलीस?

दर प्रवासाला हेच! घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जीव मुठीत धरून विमानतळ गाठायचा आणि चेक-इनच्या रांगेत आमचे हे विचारणार, "अगं, पावरबँक कुठल्या बॅगेत गेली?" मग सगळ्या जगासमोर मोठी बॅग उघडा. वर चकल्यांचा डबा, त्याखाली यांचे बनियन आणि पार तळाशी, मोज्यात गुंडाळलेली ती! अहो, लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती केबिन बॅगेतच लागते, किती वेळा सांगू? 20,000 एमएएचची म्हणजे साधारण 74 वॉट-अवर (बॅटरीत मावणारी ऊर्जा), विमानातल्या 100 च्या मर्यादेच्या आत, खुशाल न्या. पण जवळ! परवा तर मोजाच सापडला. पावरबँक घरी, कासारवडवलीला, चार्जिंगला लावलेली.